उत्तम शौचाचा दिवस



गेल्या दीड वर्षात सकाळच्या अभिषेकाला मी बस्तीत का दिसत नाही, असं तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी विचारलं. प्रत्येकीला मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा दुखतो हे खरं आहे, पण अभिषेक चुकावा इतका तो कधीच दुखला नाही. खरं कारण सांगायचं तर 'लघवी' हा शब्द तोंडाने काढावा लागतो, आणि तोही स्वतःच्या नवऱ्याच्या बाबतीत. आपण बायका लोणच्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं बोलतो, हे मात्र बोलत नाही. म्हणून आज बसून लिहितेच आहे. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांना उपयोग होईल. ज्यांच्या घरी नाही त्यांनीही वाचून ठेवावं.

आमच्या ह्यांना स्मृतिभ्रंश आहे हे बहुतेकींना माहीत आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं ह्यांची हळदीची अडत होती. हळकुंड मोडायचं, त्याचा आवाज ऐकायचा, आतला रंग बघायचा आणि भाव सांगायचा, असा माणूस. २०१९ मध्ये एकाच शेतकऱ्याची पट्टी ह्यांनी दोनदा केली. दिवाणजीने हळूच घरी येऊन मला सांगितलं, तेव्हापासून आमच्या घरातला हा दुसरा संसार सुरू झाला.

पहिली चार-पाच वर्षं विसरणं, तेच तेच विचारणं, चष्मा फ्रीजमध्ये ठेवणं, एवढंच होतं. ते जमून गेलं. २०२४ च्या सुरुवातीला एका सकाळी गादी ओली दिसली. तांब्या कलंडला असेल म्हणून मी ती उन्हात टाकली. चार दिवसांनी पुन्हा कलंडला. मग कपाटात जुन्या कीर्द-खतावण्यांच्या मागे घडी घालून ठेवलेले तीन पायजमे सापडले. ओले ठेवलेले, वाळून कडक झालेले. म्हणजे ह्यांना कळत होतं. लपवायचं असतं एवढं कळत होतं आणि लपवलेलं कुठे ठेवलं ते विसरत होते. मीही काय केलं? पायजमे धुतले, वाळत घातले आणि एक शब्द बोलले नाही. दोघंही एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होतो.

इथे माझी पहिली चूक लिहिते. मी पाणी कमी केलं. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण आणि त्यानंतर पाणीही नाही. ह्यांनी हा नियम औषधापुरती सूट ठेवून आयुष्यभर पाळला. त्यामुळे रात्री गादी कोरडी राहायला आपला धर्मच मदत करतो, असं मला वाटायचं, आणि थोडी मदत होतेही. पण मी दिवसाचंही पाणी तोडलं. सांगलीचा मे महिना आणि दिवसभरात जेमतेम तीन-चार पेले. आठवड्याभरात लघवी गडद पिवळी झाली, उग्र वास यायला लागला आणि प्रकार उलट वाढला. दहाव्या दिवशी ताप आला. त्या रात्री ह्यांनी घर ओळखलं नाही, मुलाला ओळखलं नाही, भिंतीवर कोणीतरी बसलंय म्हणून ओरडत राहिले. मला वाटलं, आजार एकदम पुढच्या पायरीवर गेला. डॉक्टर म्हणाले, लघवीत जंतुसंसर्ग आहे. चार दिवस दवाखाना झाला, औषध लागू पडलं आणि ती सगळी बडबड ओसरली. बायांनो, ही गोष्ट आधी लक्षात ठेवा. स्मृतिभ्रंशाच्या माणसात एकाएकी फरक पडला, एकदम गोंधळ वाढला, एकदम ओलं व्हायला लागलं, तर 'आता असंच चालायचं' म्हणून बसू नका. आधी लघवी तपासा.

डॉक्टरांनी मला समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. पाणी कमी केलं म्हणजे लघवी थांबत नाही, ती घट्ट होते आणि मूत्राशयाला टोचत राहते, त्यामुळे घाई वाढते. पोट साफ नसेल तर भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. पुरुषांत प्रोस्टेट असतो, मधुमेह असतो. ह्यांची लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते ते सोनोग्राफीत बघितलं. शिवाय गोळ्या. मी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून नेली होती ते बरं झालं. आठवणीसाठी जी गोळी देतात तिने काहींना लघवीची घाई होते, आणि ती घाई थांबवायला ज्या गोळ्या देतात त्यातल्या काही डोक्याचा गोंधळ वाढवतात. एका डॉक्टरने दुसऱ्याची गोळी बघितली नसेल तर माणूस मध्ये सापडतो. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी लघवी वाढवणारी गोळी रात्रीची सकाळी केली, एवढ्यानेच रात्री दोनदा बदलायची चादर एकदा झाली. हे डॉक्टरांनी केलं हो, मी मनाने नाही. तुम्हीही मनाने करू नका.

हे सगळं बघूनही जे उरलं ते आजाराचं होतं. मूत्राशय मेंदूला निरोप पाठवतं आणि ह्यांच्या मेंदूपर्यंत तो पोचत नाही. पोचला तर त्याचा अर्थ लागत नाही. लागला तर संडास कुठे ते आठवत नाही. आठवलं तर नाडी सुटत नाही. नाडीची गाठ सोडायला किती अक्कल लागते हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. नाडीचे सगळे पायजमे मी बोहारणीला दिले आणि इलॅस्टिकच्या, एका हाताने खाली येतील अशा पँटी शिवून घेतल्या.

मग मी वही घातली. १९८० साली बी.कॉम. झाले, त्यानंतर त्या पदवीचा उपयोग वाणसामानाच्या हिशेबापलीकडे कुणी करू दिला नाही. कॉलेजात डेबिट डावीकडे शिकले होते, पण सासऱ्यांच्या रोजकीर्दीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असायचं. मी सासऱ्यांची पद्धत घेतली. डावीकडे जमा: किती वाजता किती पाणी, चहा, ताक. उजवीकडे नावे: किती वाजता संडासात, किती वाजता कपड्यात. कपड्यातल्याला लाल शाई. अकरा दिवस मी दर वेळी नोंद केली, रात्रीचीसुद्धा. बाराव्या दिवशी वही मांडीवर घेऊन बसले आणि मला स्वतःचीच लाज वाटली. मी ज्याला 'कधीही होतं, काही नेम नाही' म्हणत होते त्याला चक्क नेम होता. उठल्याबरोबर. चहानंतर पाऊण तासाने. जेवणानंतर. दुपारी चारच्या सुमारास. रात्री एक आणि चार. आणि सगळ्यात जास्त लाल शाई दिवे लागायच्या वेळी.

त्या वेळांच्या दहा-पंधरा मिनिटं आधी मी ह्यांना न्यायला लागले. माल येण्याआधी काटा तयार ठेवायचा, तसं. पाणी पुन्हा पहिल्यासारखं केलं, फक्त जास्तीचं सगळं सकाळी आणि दुपारी. दिवसाला पाच-सहा लाल नोंदी होत्या त्या महिन्याभरात दोनवर आल्या. त्यातली एक संध्याकाळची, ती काही केल्या जाईना. ती का जात नव्हती हे कळलं त्या दिवसाबद्दल आता लिहिते.

भाद्रपदातलं दशलक्षण पर्व, उत्तम शौचाचा दिवस. बस्तीत प्रवचनात सांगितलं की शौच म्हणजे देहाची स्वच्छता नव्हे, लोभाचा मळ धुऊन काढणं म्हणजे शौच. मी मान डोलावली. घरी आले, उन्हात जेवणं उरकली, दिवेलागणीला देवघरात दिवा लावला आणि ओट्याशी भांडी घासत उभी राहिले. पाण्याचा आवाज आला. नळ राहिला वाटतं म्हणून बाहेर आले, तर हे देवघराच्या कोपऱ्यात उभे. चौरंगावर वेष्टनात बांधलेला रत्नकरंडक श्रावकाचार, माझ्या आईचा, तिच्या हातच्या खुणा असलेला. धार चौरंगावर.

मी काय काय बोलले ते सगळं लिहवत नाही. "देवासमोर? लाज नाही वाटत?" हे तर नक्की. दंडाला धरून ओढलं. माझ्या बांगडीने ह्यांच्या हातावर लांब ओरखडा उठला. म्हाताऱ्या माणसाची कातडी कागदासारखी असते, रक्त आलं. हे थांबले. खाली फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, ओरडू नका. मी पुसतो. आमच्या मंडळींना तेवढं सांगू नका. तिला स्वच्छता फार लागते."

आणि खांद्यावरचा पंचा काढून खाली बसून पुसायला लागले.

मीही शेजारी बसले. दोघांनी मिळून पुसलं. "नाही सांगणार" म्हणाले.

रात्री हे झोपल्यावर मी त्या कोपऱ्यात उभी राहून बघितलं, जिथून हे आले तिथून. बोळ अंधारी. संडासाचं दार लावलेलं आणि दिवा बंद, कारण वीज वाचवायची सवय. अख्ख्या घरात उजेड होता तो देवघरात. तिथे चकचकीत पितळी कलश. ज्याला लघवी लागली आहे आणि कुठे जायचं ते आठवत नाही, तो माणूस उजेडाकडे आणि भांड्याकडेच जाणार. ह्यांनी देवाचा अपमान केला नव्हता. मी दिवा लावायला विसरले होते.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी चारपासूनच संडासाचा दिवा लागलेला असतो आणि दार सताड उघडं असतं. बोळात जमिनीलगत रात्रीचा छोटा दिवा. आमच्याकडे पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड, त्यावर पांढरी बैठक. ह्यांना तो दिसतच नव्हता. निळ्या रंगाची बैठक बसवून घेतली. समोरच्या आरशावर टॉवेल टाकला, कारण आत कोणीतरी म्हातारा उभा आहे म्हणून हे दारातूनच मागे फिरत. कचऱ्याची बादली, छत्र्यांचं मडकं, कुंडी, जे जे भांड्यासारखं दिसतं ते वाटेतून हलवलं. दिवेलागणीच्या आधी न्यायचं ते नेतेच. संध्याकाळची लाल शाई बहुतेक गेली.

तो ग्रंथ सावलीत वाळवला. वेष्टनामुळे वाचला, पण खालच्या कोपऱ्याला पिवळा डाग राहिला आहे. ग्रंथाच्या अविनयाचं प्रायश्चित्त म्हणून मी दुसऱ्याच दिवशी उपवास केला. ह्यांच्या हातावरच्या ओरखड्याचंही प्रायश्चित्त घ्यायचं असतं हे सुचायला मला आठवडा लागला. क्षमावाणीच्या दिवशी ह्यांच्यासमोर हात जोडले. म्हटलं, त्या दिवशी चुकलं माझं. ह्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. म्हणाले, "व्यवहारात होतं असं."

त्याच ग्रंथात सम्यग्दर्शनाची आठ अंगं सांगितली आहेत आणि तिसरं निर्विचिकित्सा. पाठशाळेत मी कितीतरी वर्षं मुलांना उद्दायन राजाची गोष्ट सांगत आले. देव कुष्ठरोगी मुनीचं रूप घेऊन येतो, आहार घेतो आणि राजा-राणीच्या अंगावर ओकतो. राजा किळस करत नाही, आपल्याच आहारात काही चूक झाली असेल म्हणतो आणि स्वतःच्या हाताने सगळं धुतो. मुलं 'ईऽऽ' करायची, मी हसून पुढे जायची. आता ती गोष्ट मला वेगळी ऐकू येते. राजाला ते एकदा करायचं होतं, आणि शेवटी देवाने खरं रूप दाखवलं. इथे रोज पहाटे चार वाजता आहे आणि रूप कुणी बदलत नाही. किळस येते. येत नाही असं मी म्हणणार नाही. मळाची वेळ असेल तेव्हा मी अजूनही नाकाला ओढणीसारखा पदर बांधते आणि णमोकार म्हणत हात चालवते. हात चालले पाहिजेत, एवढं जमतं.

अभिषेकाचं सांगायचं राहिलं. त्या दिवसानंतर मला वाटायला लागलं की माझ्या अंगाला वास येतो. दोनदा आंघोळ करून, सोवळं नेसूनही यायचा. असल्या हातांनी कलश कसा उचलू? म्हणून जाणं सोडलं, आणि गुडघ्याचं निमित्त मिळालं. आमच्याकडे चातुर्मासाला माताजी होत्या. त्यांना एका दुपारी जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं त्या शुद्धी-अशुद्धीचं काहीतरी सांगतील. त्यांनी विचारलं, "तुम्ही आता इथे आहात, तर त्यांच्याजवळ कोण आहे?" मी म्हटलं, बाहेरून कडी लावून आले आहे. त्या काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या की आधी त्याचं बघा. वैयावृत्त्य हे अंतरंग तप आहे, पण ते एकटीनेच करावं असं कुठे सांगितलेलं नाही.

घरी येऊन कडी काढली. हे दाराशीच बसले होते.

त्या रात्री दोन्ही मुलांना फोन केला आणि पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. मुलगा बंगळुरूला असतो, तो गप्प झाला. सूनबाईने फोन घेतला आणि सरळ विचारलं, "आई, दिवसाला किती लागतात? मी मागवते." मुलीपेक्षा आधी सून सावरली, हे इथे मुद्दाम नोंदवते. सकाळी आठ ते दोन एक मदतनीस येतो. पहिला दुसऱ्याच दिवशी सोडून गेला, दुसरा ह्यांना 'अरे-तुरे' करायचा म्हणून मीच काढला, तिसरा टिकला आहे. शेजारच्या वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आम्हाला कळलं होतं, तुम्ही रोज चार चादरी वाळत घालता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही." आता मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी त्या तासभर ह्यांच्याजवळ बसतात आणि मी दर्शन घेऊन येते. गंधोदक वाटीतून घरी आणते, ह्यांच्या कपाळाला लावते.

डायपरबद्दल सगळ्यात जास्त विचाराल, म्हणून लिहिते. घाई करू नका. नेऊन भागत असेल तोवर दिवसा साधी चड्डी बरी, एकदा सवय लागली की माणूस सांगायचं सोडतो. आमच्याकडे रात्री आणि बाहेर जाताना. स्वतःहून चालणाऱ्याला चड्डीसारखा चढवायचा प्रकार, झोपून असणाऱ्याला बाजूने चिकटवायचा. माप कमरेचं घ्यायचं, मोठा घेतला तर जास्त धरतो हा गैरसमज आहे, तो मांडीतून गळतो. 'डायपर' शब्द घरात उच्चारायचा नाही. आमच्याकडे ती 'नवीन चड्डी' आहे. पहिल्या रात्री ह्यांनी ती फाडून कापूस गादीभर केला. रागावले नाही, दुसऱ्या रात्री वरून घट्ट हाफ पँट चढवली. गादीवर मेणकापड, त्यावर जुन्या लुगड्याची वाकळ, त्यावर चादर. आणि असाच दुसरा थर त्याच्याखाली आधीच घालून ठेवायचा, म्हणजे रात्री वरचा ओढून काढला की काम झालं, अंधारात गादी आवरत बसावं लागत नाही. ही युक्ती मला कुणी सांगितली नाही, पहाटे चारने सुचवली.

कातडी जपा. ओलं दिसलं की कोमट पाण्याने धुवायचं, घासायचं नाही, मऊ फडक्याने टिपायचं, जांघेत कोरडं करायचं आणि झिंकचं मलम अगदी पातळ लावायचं. जाड थापलं तर ते डायपरला चिकटून त्याचं शोषणच बंद करतं. टाल्कम पावडरीचे ओले गोळे होतात, मी ती बंद केली. लाली चोळूनही जात नसेल किंवा साल निघाली तर डॉक्टर.

पोटासाठी डॉक्टरांनी अंजीर सांगितलं. आपल्याला उदुंबर फळं वर्ज्य. मी म्हटलं, तासगाव इथून हाकेच्या अंतरावर आहे, बेदाणे चालतील का? चालतात. सकाळी भिजवलेले पंधरा-वीस दुपारी, आणि इसबगोल. चातुर्मासात पालेभाजी बंद झाली की ह्यांचं पोट अडतं हे वहीतच दिसलं, तेव्हा दुधी आणि पडवळ वाढवला.

वापरलेलं कुठे टाकायचं, हा माझ्या जिवाला लागलेला प्रश्न होता. मुनींच्या पाच समित्यांमध्ये शेवटची उत्सर्ग समिती. मलमूत्रसुद्धा जागा बघून, कुणा जिवाला त्रास होणार नाही असं विसर्जन करायचं. आपण गृहस्थ, आपल्याला तेवढं जमत नाही. पण उघडं डायपर घंटागाडीत फेकलं तर त्या गाडीवरच्या बाईचे हात त्यात जातात, हा जीव तर समोर दिसतो ना. मळ आधी कमोडमध्ये झटकायचा, डायपर घट्ट गुंडाळून वर्तमानपत्रात बांधायचं आणि वेगळं द्यायचं. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही ते गुंडाळूनच द्या असं होतं. मुलगी पुण्याला असते. तिच्याकडे कागदावर लाल ठिपका काढून देतात, म्हणजे वेचणाऱ्या बायकांना न उघडता कळतं. मीही ठिपका काढते. आमच्या गाडीवरच्या बाईला एकदा अर्थ सांगितला, आता ती दुरूनच विचारते, "काकू, काका बरे हायत का?"

आता एक शेवटचं. ते लिहू की नको म्हणून मी दोन दिवस थांबले. ह्यांना उठवताना, शिंकताना, खोकताना माझंही थेंबभर जायला लागलं. आधी थेंबभर, मग साडी बदलावी लागेल इतकं. दोन बाळंतपणं, वय, आणि त्यात सत्तर किलोच्या माणसाला काखेत हात घालून उचलणं. ह्यांची वही घातली होती, माझी घातली नव्हती. लपवून ह्यांच्याच चड्डीतला तुकडा कापून वापरत होते, ऐका. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले तेव्हा त्या म्हणाल्या, तुमच्या वयाच्या कितीतरी बायका हे घेऊन येतात, आणि येत नाहीत त्या त्याहून जास्त. फिजिओथेरपिस्टने ओटीपोटाखालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम शिकवला. लघवी आणि वारा दोन्ही अडवताना आत जे ओढलं जातं तेच ओढायचं, काही सेकंद धरायचं, सोडायचं, पुन्हा. श्वास रोखायचा नाही. माळ जपताना करते, १०८ मण्यांत आपोआप मोजून होतं. तीन महिन्यांनी फरक पडला, खोकताना आता भीती वाटत नाही. आणि उचलणं बंद. ह्यांना खुर्चीच्या कडेला सरकवायचं, पाय मागे घ्यायला लावायचे, पुढे वाकवायचं, नाक गुडघ्यांच्या पुढे आलं की माणूस स्वतःच उठतो. आपण नुसता हात द्यायचा.

उठायला तयार मात्र व्हावं लागतं. "लघवीला जायचंय का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाही." "चला" म्हटलं तर "कुठे?" बरेच दिवस रोज हुज्जत. एकदा वैतागून मी म्हणाले, "अहो, चला, सौदे सुरू झाले." हे ताडकन उठले. चप्पल शोधायला लागले. बोळातून संडासापर्यंत तरातरा आले, तिथवर सौदे विसरले आणि समोर निळी बैठक दिसली.

तेव्हापासून तेच म्हणते. दिवसातून सहा-सात वेळा, धडधडीत खोटं. दशलक्षणात शौचाच्या पाठोपाठ सत्याचा दिवस येतो. गेल्या भाद्रपदात त्या दिवशी मी ठरवलं की आज एक दिवस खोटं बोलायचं नाही. दुपारी चारला सरळ म्हटलं, "चला, संडासात जाऊन येऊ." हे खुर्चीला धरून बसले, मला शिव्या दिल्या आणि पाच मिनिटांत सगळं ओलं. मी फरशी पुसली, ह्यांना धुतलं, कपडे बदलले. संध्याकाळी पुन्हा सौदे सुरू केले. माताजींचा विहार झाला आहे, नाहीतर हे त्यांना विचारणार होते.

चार वाजत आले. हे आतून हाक मारतायत, "बाई, आज हळद काय भावाने गेली?"